हृदयाचे कप्पे मोजून काय कळते?

एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात शरीरातील द्रव आणि त्यांचे अभिसरण या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. २००६ साली पुस्तक प्रथम निघाले तेव्हा ते अठरावे होते. अलीकडच्या काटछाटीनंतर ते पंधरावे झाले. पाने थोडकीच. परंतु या थोडक्या पानांचे वजन फार मोठे आहे. 'नीट' परीक्षेसाठी हे पुस्तक प्रमाण मानले जाते. त्यामुळे सोलापुरात राहून अभ्यास करणारी मुले काय, किंवा शिकवणीसाठी लातूरला खोली घेऊन राहणारी मुले काय, या प्रकरणातील ओळ न् ओळ पाठ करतात. पुस्तकातील एखादे वाक्य ढिले असेल तर ते ढिलेपणानेच हजारो उत्तरपत्रिकांत उतरते आणि त्यालाच गुण मिळतात. म्हणून हे प्रकरण एकदा बारकाईने तपासून पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने उपयोगाचे ठरेल.

आधी त्याचे गुण. माणसाच्या हृदयाचे कार्य यात चांगले सांगितले आहे. मिनिटाला सुमारे ७२ ठोके, म्हणजे एक हृच्चक्र ०.८ सेकंदाचे, एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. विद्यार्थ्याने स्वतः गुणाकार करून पाहावा असे हे आकडे आहेत, आणि शरीरातले सारे रक्तही साधारण पाच लिटरच असते हे लक्षात आले की तो चकित होतो. आर-एच घटक आणि गर्भारपणातील त्याचे परिणाम यांवरील परिच्छेदही नेटका आहे. प्रकरणाची सुरुवात तर फारच योग्य ठिकाणी होते. स्पंजासारखे साधे प्राणी भोवतालचे पाणीच आपल्या शरीरातून खेळवतात, असे सांगून लेखक विषयाला हात घालतात. रक्त म्हणजे प्राण्याने शरीराच्या आत बाळगलेला एक छोटासा समुद्र, ही कल्पना येथून सहज फुलवता आली असती. पण पुढच्याच पानावर रक्तातील घटकांची यादी सुरू होते आणि स्पंज मागे पडतो तो पडतोच.

माझी मुख्य तक्रार अभिसरणाच्या प्रकारांसंबंधीच्या भागाविषयी आहे. हा भाग अर्ध्या-पाऊण पानाचा आहे आणि त्यात साऱ्या प्राणिसृष्टीची वाट लावली आहे. संधिपाद आणि मृदुकाय प्राण्यांत खुले अभिसरण, वलयांकित आणि पृष्ठरज्जूधारी प्राण्यांत बंदिस्त अभिसरण; बंदिस्त प्रकार अधिक फायद्याचा. माशाच्या हृदयात दोन कप्पे, बेडूक आणि सरीसृप यांच्या हृदयात तीन, मगर, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यात चार. एकेरी, अपूर्ण दुहेरी, पूर्ण दुहेरी. वाचणाऱ्याच्या मनात एक शिडी उभी राहते. खालच्या पायरीवर झुरळ, वरच्या पायरीवर आपण. गाइडांत तर ही शिडी चौकटीत घालून देतात.

कप्प्यांची संख्या हेच मोठेपणाचे माप मानायचे ठरवले तर पहिला नंबर झुरळाचा लावावा लागेल, कारण त्याच्या पाठीकडून जाणाऱ्या लांबट हृदयात तेरा कप्पे असतात! आणि मोजायचे म्हटले तरी मोजणी सरळ नाही. माशाच्या हृदयात कर्णिका आणि जवनिका यांच्या आधी शिरांचे रक्त गोळा करणारी एक पिशवी असते आणि पुढे फुगीर मुखभाग असतो. काही ग्रंथकार ते धरून चार भाग मोजतात. बेडकातही अशी पिशवी आहे. (कर्णिका-जवनिका हे जुन्या पिढीचे शब्द, आताची मुले अलिंद-निलय म्हणतात. दोन्ही चालावेत.)

परंतु खरा प्रश्न मोजणीचा नाही. अभिसरण मुळात हवे कशाला, हेच या भागात कोठे विचारलेले नाही. प्राणवायू पाण्यात आपोआप पसरतो, याला आपण विसरण म्हणतो. हे विसरण थोड्या अंतरावर फार जलद आणि अधिक अंतरावर फारच मंद असते, कारण लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका पेशीच्या जाडीइतके, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढे अंतर कापायला प्राणवायूला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो. एक मिलिमीटरसाठी साधारण चार मिनिटे लागतात. एक सेंटिमीटरसाठी सहा-सात तास! म्हणून प्राणी चपटा, लहान किंवा आतून पोकळ असेल तर त्याचे विसरणावर भागते. जाड झाला की त्याला काही तरी वाहते ठेवावे लागते. हा एक हिशेब फळ्यावर मांडला की मुलांना पुढचे निम्मे प्रकरण स्वतःच्या डोक्याने रचता येते. पुस्तकात तो नाही.

आता झुरळाकडे पुन्हा पाहू. झुरळ चिरडले गेले की पांढरट गर बाहेर येतो. (तो सारा रक्ताचा नसतो, त्यात चरबीच्या ऊतींचाही भाग असतो.) रक्त तांबडे नाही, अभिसरण खुले, दाब अगदी कमी. मग हा प्राणी एवढ्या चपळाईने पळतो कसा? पुस्तकाच्या शिडीप्रमाणे तो धापा टाकत मरायला हवा. याचे उत्तर असे की त्याच्या रक्ताकडे प्राणवायू वाहण्याचे काम जवळजवळ नाहीच. शरीराच्या बाजूंवरील श्वासरंध्रांतून हवा आत शिरते आणि फांद्या फुटत गेलेल्या वायुनलिकांतून थेट पेशींपर्यंत पोचते. हवेत प्राणवायूचे विसरण पाण्यातल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जलद होते, त्यामुळे हा मार्ग लहान देहाला उत्तम परवडतो. उडणाऱ्या मधमाशीच्या स्नायूंचा प्राणवायूचा खप, वजनाच्या मानाने, प्राणिसृष्टीतील सर्वाधिक खपांपैकी आहे, आणि तिचेही अभिसरण खुलेच आहे. खुले म्हणजे हलके, असे म्हणायला येथे जागा उरत नाही.

हा घोटाळा होण्याचे एक कारण पुस्तकाच्या मांडणीत आहे. श्वसन एका प्रकरणात, अभिसरण दुसऱ्या प्रकरणात. वायुनलिकांचा उल्लेख पहिल्यात होऊन जातो आणि दुसऱ्यात आल्यावर त्याची कोणाला आठवण राहत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात श्वसन आणि अभिसरण एकाच प्रकरणात घेतले आहे. त्या पुस्तकाविषयी इतर काही म्हणायचे असले तरी ही जोडणी मला अधिक बरोबर वाटते.

कीटकांचे रक्त रंगहीन, हा नियमही किती नेमका धरायचा? सोलापुरात नळाला पाणी रोज न येण्याची सवय वर्षानुवर्षांची आहे आणि घरोघर हौद, टाक्या, पिंपे भरून ठेवलेली असतात. अशा साठ्याच्या तळाशी, गाळात, पुष्कळदा लालभडक, वळवळणाऱ्या बारीक अळ्या दिसतात. त्या कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कीटकाच्या अळ्या होत. त्यांचा लाल रंग हीमोग्लोबिनचा आहे, म्हणजे आपल्या रक्तातल्याच द्रव्याच्या भाईबंदाचा. फरक इतका की ते पेशींत भरलेले नसून रक्तद्रवात विरघळलेले असते आणि प्राणवायू फारच थोडा असला तरी त्याला घट्ट पकडते. गाळात प्राणवायू कमी. तेथे हे द्रव्य बाळगणाऱ्याची सोय होते. गांडुळाच्या रक्तातही हीमोग्लोबिन असेच विरघळलेले, पण प्रचंड आकाराच्या रेणूंच्या रूपात असते. नदीच्या खेकड्याने वेगळीच वाट धरली आहे: त्याच्या रक्तातील द्रव्यात लोहाऐवजी तांबे असते आणि प्राणवायू मिळाला की त्याला निळसर छटा येते. खेकड्याचे अभिसरण खुले खरे, परंतु हृदयातून निघणाऱ्या वाहिन्यांच्या तोंडाशी झडपा असतात आणि कोणत्या भागाकडे किती रक्त जावे हे गरजेप्रमाणे बदलते. नियंत्रण फक्त बंदिस्त अभिसरणातच नेमके होते, ही समजूत येथे अडखळते.

वर्गवारीतही चुका आहेत. मृदुकाय प्राण्यांत खुले अभिसरण असे सरसकट म्हटले, पण कोकणच्या बाजारात मिळणारा माकूल मृदुकायच आहे आणि त्याचे व अष्टभुजाचे अभिसरण बंदिस्त आहे. पृष्ठरज्जूधारी तेवढे सारे बंदिस्त म्हटले, तर समुद्रातील खडकांना चिकटून राहणारे कंचुकयुक्त प्राणी त्यात बसत नाहीत. त्यांचे अभिसरण खुले आहे. एका शब्दाने, 'बहुतेक', हे दोष दूर झाले असते.

बेडकाच्या बाबतीत मात्र एका शब्दाने भागणार नाही. उभयचर आणि सरीसृप यांच्या डाव्या कर्णिकेत कल्ले, फुप्फुसे किंवा त्वचा यांच्याकडून प्राणवायूयुक्त रक्त येते, उजव्या कर्णिकेत उरलेल्या शरीराचे अशुद्ध रक्त येते आणि एकाच जवनिकेत दोन्हींची भेसळ होते, असा पुस्तकाचा आशय आहे. यातील त्वचेची गोष्ट चुकीची आहे. बेडकाच्या फुप्फुसातील रक्त डाव्या कर्णिकेत येते हे खरे. परंतु त्वचेत प्राणवायू घेतलेले रक्त त्वचेच्या नीलेतून शरीराच्या मोठ्या नीलांना मिळते आणि त्यांच्याबरोबर उजव्या कर्णिकेत येते. म्हणजे उजवीकडचे रक्त हे नुसते वापरून आलेले रक्त नव्हे.

ही बारीक चूक वाटेल, पण तिच्यामुळे बेडूक समजण्याची वाटच बंद होते. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. कोरडे महिने बेडूक जमिनीत पुरून घेऊन काढतो. त्या काळात, आणि पाण्यात बुडी मारून बसलेला असतानाही, त्याची फुप्फुसे जवळजवळ बेकाम असतात. त्याच पुस्तकाच्या बेडकावरील भागात तो अशा वेळी त्वचेने श्वास घेतो असे लिहिले आहे. आता समजा, आपल्यासारखी उभी भिंत त्याच्या जवनिकेत असती तर काय झाले असते? त्वचेतून मिळालेला प्राणवायू उजव्या बाजूने फुप्फुसाकडे आणि त्वचेकडेच परत गेला असता. मेंदू आणि स्नायू यांच्याकडे जाणाऱ्या डाव्या बाजूला तो थेट मिळालाच नसता. भिंत नाही हीच त्याची सोय आहे. शिवाय भेसळ पूर्ण होत नाही. जवनिकेच्या आतल्या भिंतीला स्पंजासारखे कप्पे-कंगोरे असतात, पुढच्या नळीत पिळदार पडदा असतो, आणि दोन्हीकडचे रक्त बऱ्याच अंशी वेगवेगळे वाहते. 'अपूर्ण' या विशेषणात जो उणेपणा सुचवला जातो तो बेडकाकडे नाही.

सरीसृपांचेही तसेच. घोरपड आपल्या माळरानांवर असते. तिच्या जवनिकेत पूर्ण भिंत नाही, पण एक स्नायूचा जाड कंगोरा आहे. हृदय आकुंचन पावते तेव्हा तो भिंतीसारखे काम करतो. घोरपडींच्या जातकुळीतील प्राणी आणि अजगर यांच्यावर केलेल्या मोजणीत शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब जास्त आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्याचा कमी, असा स्पष्ट फरक आढळला आहे. म्हणजे कप्पे तीन, काम जवळजवळ चारांचे. उलट मगरीचे पाहा. सांगलीकडे कृष्णेच्या काठी मगरी दिसतात. तिचे हृदय चार कप्प्यांचे म्हणून पुस्तकाने तिला वरच्या पायरीवर बसवले. परंतु तिच्या उजव्या जवनिकेतून फुप्फुसाच्या वाहिनीखेरीज आणखी एक महारोहिणी निघते आणि दोन महारोहिण्यांना जोडणारे एक छिद्रही असते. पाण्याखाली असताना ती फुप्फुसाकडे जाणारे रक्त कमी करून ते शरीराकडे वळवू शकते. म्हणजे कप्पे चार, आणि तरीही गरजेप्रमाणे भेसळ!

इतके लांब जाण्याचीही जरूर नाही. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाने जन्मापूर्वी मिश्र रक्तावरच दिवस काढलेले असतात. गर्भाच्या दोन कर्णिकांमधील पडद्यात एक झडपेचे छिद्र असते आणि फुप्फुसाची वाहिनी महारोहिणीला एका लहान नळीने जोडलेली असते. फुप्फुसे हवेने भरलेली नसताना तिकडे सारे रक्त पाठवण्यात अर्थ नसतो. जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर ही व्यवस्था बदलू लागते. छिद्र बंद न झालेल्या बाळांविषयी शिक्षकाला पालकांकडून अधूनमधून ऐकायला मिळते. त्याचा उलगडा येथेच करता येतो.

माशांचे कोडे तर आपल्या जवळच आहे. माढा तालुक्यात भीमेवर १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि त्यानंतर सोलापूरच्या बाजारात चिलापी, कटला, रोहू यांची रेलचेल झाली. त्यांच्यातच मरळ असते. चिलापी पाण्याबाहेर काढली की लवकर मान टाकते, मरळ मात्र ओल्या पोत्यात तासन् तास जिवंत राहते. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा घेण्याची खास पोकळी आहे. ती अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेते. तिला वर येऊ दिले नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. हवेतून प्राणवायू घेतलेले तिचे रक्त सरळ शरीराकडे न जाता नीलेतून पुन्हा हृदयात येते. मासा म्हटला की हृदयात फक्त अशुद्ध रक्त, हे वाक्य मरळीला लागू पडत नाही. परीक्षेत मात्र ते बरोबर धरले जाईल.

मग दुहेरी अभिसरणाचा खरा लाभ कोणता? पुस्तकाने शुद्ध-अशुद्ध रक्ताच्या सरमिसळीवर भर दिला आहे, आणि सोवळ्याओवळ्याची सवय असलेल्या आपल्या मनाला तो पटतोही लगेच. परंतु तितकीच महत्त्वाची गोष्ट दाबाची आहे. माशाच्या हृदयाने ढकललेले रक्त आधी कल्ल्यांच्या बारीक वाहिन्यांतून जाते, तेथे दाब बराच खर्च होतो आणि उरलेल्या दाबावर सारे शरीर चालवावे लागते. आपल्याकडे रक्त फुप्फुसातून परत हृदयात येते आणि नव्या दमाने बाहेर पडते. शरीराकडच्या रोहिणीतील दाब साधारण १२०/८०, हा आकडा मुलांना पाठ असतो. त्याच्या जोडीला फुप्फुसाच्या रोहिणीतला दाब साधारण २५/१० एवढाच असतो हे सांगितले, की भिंतीचे प्रयोजन उमगते. फुप्फुसातील पडदा अतिशय पातळ आहे. त्याच्यावर १२० चा दाब आला तर रक्तातले पाणी हवेच्या कोषांत पाझरेल. पातळ पडद्याला कमी दाब, उंचावरच्या मेंदूला जास्त दाब, आणि दोन्ही एकाच वेळी हवे म्हणून मध्ये भिंत. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड का, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तरही याच हिशेबात आहे.

आणि चार कप्पे झाले म्हणजे कथा संपली असेही नाही. हिवाळ्यात उजनीच्या पाणपसाऱ्यावर येणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या उड्डाणांच्या नोंदी सात हजार मीटरांवर गेल्या आहेत. त्यांच्या हृदयात चारच कप्पे आहेत, आपल्या कोंबडीइतकेच. कोंबडीला ते जमणार नाही याची कारणे अनेक, पण एक मोठे कारण हीमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पट्टकदंबाच्या हीमोग्लोबिनच्या एका साखळीत ११९ व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनिन आहे. त्यामुळे हे हीमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू अधिक चांगला पकडते. हौदाच्या तळची लाल अळी आणि आकाशातला पट्टकदंब यांनी एकाच अडचणीवर एकाच जातीचा उपाय शोधला आहे. दोघांना जोडणारा धागा कप्प्यांच्या तक्त्यात सापडत नाही.

आता रक्तगटांकडे वळतो, कारण येथे चुकीची किंमत गुणांत मोजायची नाही. ओ गटाचे लोक सार्वत्रिक दाते आणि एबी गटाचे सार्वत्रिक ग्राही, असे हे प्रकरण सांगते. परीक्षेला हे एका गुणाचे उत्तर आहे. पण ए आणि बी हे प्रतिजन हवेतून येऊन पेशीवर बसत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर आधी 'एच' नावाचा पाया असतो. त्याच्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, आणि काहीच न चढता पाया उघडा राहिला की ओ. काही थोड्या माणसांत हा पायाच तयार होत नाही. नेहमीच्या तपासणीत त्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणून ती ओ गटाची वाटतात. परंतु त्यांच्या रक्तद्रवात एच विरुद्ध प्रतिद्रव्य असते. त्यांना ओ गटाचे रक्त दिले तर ते जिवावर बेतू शकते. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचे रक्त चालते.

हा गट प्रथम ओळखला गेला तो आपल्या मुंबईत. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याची माहिती दिली आणि जगभर तो 'बॉम्बे' गट याच नावाने ओळखला जातो. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असावा असा अंदाज नेहमी दिला जातो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या वर होती. सरासरी लावायची तर ही माणसे चारशेहून अधिक भरतात. (वाटप सर्वत्र सारखे नसते, म्हणून हा आकडा केवळ कल्पना येण्यापुरता.) भारतासाठी लिहिलेल्या पुस्तकात या गटाचे नावही नसावे याचे नवल वाटते. दोन ओळी पुरल्या असत्या. शिवाय 'सार्वत्रिक दाता' हा शब्द तांबड्या पेशींपुरता आहे. रक्तद्रव द्यायचा तर गणित उलटे होते आणि एबी गटाचा रक्तद्रव सर्वांना चालतो. हेही सांगायला हवे होते. रक्तपेढीत दाता आणि रोगी यांचे रक्त प्रत्यक्ष जुळवून का पाहतात, हा प्रश्न अठरा वर्षांच्या होऊ घातलेल्या, उद्या रक्तदानाच्या शिबिरात जाणाऱ्या मुलांना पडायलाच हवा; तक्ता पाठ केला की तो पडत नाही.

सोलापूरच्या शिक्षकाला येथे एक दाखला हाताशी आहे. स्पेनच्या यादवी युद्धात बाटल्यांतून रक्त घेऊन जखमींपर्यंत जाणारे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून पुढे चीनमध्ये गेले आणि शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा सांभाळणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात १९१० साली जन्मले. कोटणीसांवरचा धडा मुले भाषेच्या तासाला वाचतात. जीवशास्त्राच्या तासाला तो कोणी काढत नाही.

वर्गातील तक्त्यांविषयी थोडेच. रोहिण्या तांबड्या आणि नीला निळ्या रंगवण्याची रीत समजण्यास सोयीची आहे, पण पुष्कळ मुले नीलांतले रक्त खरोखर निळे असते असे धरून चालतात. रक्तदानाच्या पिशवीतील रक्त नीलेतूनच काढलेले असते आणि ते गडद तांबडे असते, एवढे दाखवले तरी पुरे.

बेडूक कापणे आता बंद झाले आहे आणि ते योग्यच झाले. त्याच्या जागी काय, याचे उत्तर जून-जुलैत डबक्यांतून मिळते. बेडकाचे पिल्लू थोड्या पाण्यासह काचेच्या बशीत घ्यावे, अंगावर ओला कापूस ठेवावा आणि शेपटीचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली आणावा. पाच मिनिटांत पाहणे उरकून पिल्लू पाण्यात सोडावे. पडद्यातल्या केशवाहिन्या स्पष्ट दिसतात. त्यांतून तांबड्या पेशी एकामागून एक, कोठे जेमतेम वाकून, पुढे सरकत असतात. जवळच्या जाड वाहिनीत त्या ठोक्याठोक्याला झेप घेतात आणि दुसऱ्या वाहिनीत संथ, एकसारख्या वाहतात. रोहिणी कोणती आणि नीला कोणती, हे तेथे मुलांना रंगावरून ठरवता येत नाही, वाहण्यावरून ठरवावे लागते.